दुसरा ग्लास

१२ जानेवारी, रविवार. सकाळी देवस्थळींच्या गॅलरीतलं कपाट रिकामं केलं. त्यांच्या पत्नी नलिनीताईंचा खांदा आखडलाय, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. कपाटात बाटल्याच बाटल्या होत्या. सगळ्या धुतलेल्या, उंचीप्रमाणे लावलेल्या. पोत्यात भरता भरता भंगारवाल्याने विचारलं, "काका लय घ्यायचे काय?" मी सांगितलं, काकांनी चार वर्षं एक थेंब घेतला नव्हता. त्याने बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली. त्याला ते पटलेलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत देवस्थळी समोरच्या दारात राहत. पिंपरीच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात त्यांची नोकरी झाली. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही. सोसायटीच्या टाकीचं झाकण त्यांनी आठ महिन्यांनी आणलं. तोवर आम्ही टाकीवर पत्रा आणि विटा ठेवून होतो. झाकण मात्र अजून शाबूत आहे. मुलीला पहिलंच स्थळ चांगलं आलं तेव्हा म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. पण तुलना कशाशी करायची?" मुलीने ती संधी दिली नाही, त्याच मुलाशी लग्न केलं.

शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडे बसायचे. ते, माझे यजमान श्रीकांत आणि दुसऱ्या मजल्यावरचे बर्वे. पुरुष 'बसतात' म्हणजे काय करतात ते इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी शेंगदाणे परतून द्यायची, कांदा चिरून द्यायची आणि साडेनऊच्या ठोक्याला ग्लास उचलायची. देवस्थळी रम घेत. थोडी, असं ते म्हणत. थोडी नव्हती, हे त्यांच्या यकृताच्या रिपोर्टवरून कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, आज सोडलीत तर काही वर्षं मिळतील. त्यांनी त्याच दिवशी सोडली. "ऑर्डर रद्द," एवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी श्रीकांत त्यांना हाक मारायला निघाला, तेव्हा मीच अडवलं. म्हटलं, कशाला मोहात पाडता त्यांना? मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. तसे चार शनिवार गेले. पाचव्या शनिवारी बेल वाजली. दारात देवस्थळी, हातात कापडी पिशवी, पिशवीत तीन बाटल्या, आणि फुलस्केपवर आखलेला एक तक्ता.

"वहिनी," ते म्हणाले, "डॉक्टरांनी पिऊ नका सांगितलंय. बसू नका, असं नाही सांगितलेलं."

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार?

महिनाभर हा माणूस स्कूटरवरून पुणं पालथं घालत होता. मोठ्या दुकानांतली बिनदारूची बिअर आणि बिनदारूची वाइन त्यांनी आणून पाहिली होती. बिअरबद्दल मत होतं की भाव बिअरचा आणि माल सोड्याचा. वाइनबद्दल, की हे सरबत आहे, बाटलीने उगाच टाय लावलाय. मग ते स्वतःच करायला लागले. बिबवेवाडीत एक जण अजून कडक सोडा भरून देतो, तो त्यांनी शोधला. जव तांबूस होईपर्यंत भाजायचे, उकळायचे, कडवटपणाला काडेचिराईताच्या दोन काड्या आणि वर सोडा, ही बिअर. काळ्या द्राक्षांच्या रसात कोरा चहा आणि आमसूल, ही वाइन. गूळ करपवून त्यात आलं, लवंग आणि मिरी उकळायची, ही रम. तिला काढा म्हटलेलं त्यांना खपत नसे. तक्त्यात रकाने होते: रंग, फेस, तुरटपणा, खर्च. शेवटचा रकाना होता, 'दुसरा ग्लास'. मी विचारलं, हे काय?

"पहिला ग्लास कोणीही विकतो, वहिनी. दुसरा मागावासा वाटला पाहिजे. नाहीतर माणूस दहा मिनिटांत घरी जातो."

बिअर खरंच बरी होती. बर्व्यांनी रमची चव घेऊन खोकला थांबल्याचं जाहीर केलं. सगळे हसले, देवस्थळी सगळ्यांत जास्त. आठ-दहा महिने असे चांगले गेले.

अडचण वेगळीच निघाली. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या सगळं लक्षात राहतं. एका शनिवारी बर्वे डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, उद्याच्या उद्या धाकट्या भावाला फोन करतो, सहा वर्षांचं भांडण मिटवून टाकतो. रविवारी सकाळी जिन्यात देवस्थळींनी विचारलं, "केलात का फोन?" त्यात टोमणा नव्हता. खरेदी खात्यातला माणूस, दिलेली तारीख उलटली की आठवण करायची, एवढंच त्यांना ठाऊक. पण बर्व्यांना ते लागलं. पुढच्या शनिवारी देवस्थळींनी पुन्हा विचारलं. मग बर्वे श्रीकांतला म्हणाले की समोर हिशेबनीस बसल्यासारखं वाटतं, मजा जाते. श्रीकांतला ते पटलं. पण देवस्थळींना सांगायची दोघांचीही हिंमत नव्हती. अशी कामं माझ्याकडे येतात.

मी ते झटपट उरकलं. बैठक बर्व्यांकडे हलवली आणि देवस्थळींना त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं, श्रीकांतची साखर वाढलीय, आम्ही शनिवारचं बंद केलंय. साखर वाढलेली नव्हती.

"बरं केलंत," ते म्हणाले. "तब्येतीशी खेळू नये. मला शिकायला उशीर झाला."

पुढच्या शनिवारी सहा वाजता आमच्या दाराशी एक बाटली होती. गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'श्रीकांतसाठी. साखर नाही.' त्याच्या पुढच्या शनिवारीही होती. असं तीन वर्षं चाललं. श्रीकांत तोवर खाली बर्व्यांकडे गेलेला असे. मी ती सिंकमध्ये ओतत असे आणि रविवारी बाटली धुऊन परत देत असे. कसं वाटलं, असं ते विचारत. छान, असं मी म्हणत असे. त्यावरून ते प्रमाण बदलत. एकदा आलं कमी केलं, एकदा जव बदलले. धायरीच्या पुढे कुणा शेतकऱ्याकडे चांगले जव मिळतात म्हणून ते भर उन्हात तिकडे जाऊन आले. ते पेयही मी ओतलं.

दिवाळीनंतर त्यांचं पोट पाण्याने फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सोडली नसती तर तेव्हाच गेले असते, ही चार वर्षं त्यांनी कमावलेली आहेत. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी उशीखालून तो तक्ता काढला. घड्या पडून मऊ झाला होता. श्रीकांतच्या नावापुढचा शेवटचा रकाना कोरा होता.

"खरं सांगा वहिनी," ते म्हणाले, "त्याने कधी दुसरा मागितला?"

मी हो म्हटलं. त्यांनी बरोबरची खूण केली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग डोळे न उघडता म्हणाले, "एक कोटेशन तरी पास झालं."

पाचव्या दिवशी ते गेले. वैकुंठ स्मशानभूमीत बर्वे लहान मुलासारखे रडले. आमच्याइतका जवळचा मित्र आम्हाला नव्हता, असं म्हणाले. त्यांचं ते वाक्य उलटसुलट झालं होतं, पण कोणी दुरुस्त केलं नाही.

भंगारवाला गेल्यावर मी हे इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. भंगारवाल्याला खरं पटवून द्यायची मला घाई होती. समोरच्या दारातल्या बाईला मी तीन वर्षांत खरं सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना मी नलिनीताईंची बेल वाजवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साखर, बर्व्यांचं घर, सिंक, रकान्यातली खूण.

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बर्व्यांची गॅलरी आमच्या गॅलरीखालीच आहे. सगळ्यांचे आवाज वर यायचे."

मी विचारलं, मग बाटली कशाला ठेवत होते?

"शनिवार असायचा ना," नलिनीताई म्हणाल्या. "आणखी काय करणार होते?"

माझी पावणेनऊची बस होती. ती मी सोडली.