सतराव्या नंबरचा लाल बेडूक

चेहरा विसरायची, पण दात विसरायची नाही, अशी ती बाई. रस्त्यात कुणी हसलं की तिला लगेच कळायचं, वरचे चार आपल्या हातचे, खालचे दुसऱ्या कुणाचे. धंदाच कवळ्या बनवण्याचा. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यावर ती मेण चढवायची आणि मेणात एकेक दात बसवायची. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात हे तुम्हाआम्हाला पटायचं नाही. तिला त्या खिडकीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता यायच्या. म्हणून सासरी ती दुर्बीणवहिनी आणि माहेरी दुर्बीणताई. खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं.

नजर जेवढी बारीक, तेवढाच मनातला डाग पक्का. तिच्या लग्नात चुलत सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलगी ठीक आहे, जरा उजेडात बघितली असती तर बरं झालं असतं." पंधरा वर्षांनी त्याच सासूबाईंची कवळी हिच्या टेबलावर आली. काम हिनं सोन्यासारखं केलं, बोट ठेवायला जागा नाही. फक्त बसवून बघायला तीन मजले चढून सात वेळा बोलावलं. सातही वेळा खिडकीपाशी उभं करून म्हणाली, "अजून जरा उजेडात या, काकू."

तर अशा बाईच्या वाटेला कुणी जाऊ नये. राजे गेले.

राजे म्हणजे तिचा मामेभाऊ. मामाचा एकुलता एक, ताईहून पाच वर्षांनी लहान, म्हणून लाडाचं नाव राजे. मामाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. लांबट बिनखिडकीची खोली, भिंतीकडे पाठ करून सात मशीनं, मागे माणूस शिरेल एवढी फट. शाळा सुटली की ताई टोकनच्या काउंटरवर बसायची आणि एखादं मशीन रुसलं की मामाच्या मागोमाग मशीनच्या पाठीमागे शिरायची. मामाच्या तोंडात टॉर्च, हिच्या हातात पक्कड. राजे पुढच्या बाजूला फुकट खेळत. पाठीमागे ते कधी गेले नाहीत. तिकडे धूळ होती, जाळी होती आणि मुख्य म्हणजे काम होतं.

पुढे मामा गेले, पार्लर बंद पडलं, मशीनं भंगारात गेली. ताई कवळ्यांत रमली आणि राजांनी मोबाइलवर चॅनेल काढलं. नव्या सिनेमाचा ट्रेलर आला की त्यात कुठे काय दडवलंय ते उलगडून सांगायचं, असं ते चॅनेल. बोलायला राजे पटाईत. बघायला मात्र आळशी.

त्या वर्षी एक मोठा ॲनिमेशनचा सिनेमा येणार होता, जुन्या खेळण्यांच्या गावाची गोष्ट. करणाऱ्यांनी ट्रेलरमध्ये जुन्या व्हिडिओ गेमच्या खुणा पेरल्या होत्या. कुठे दुकानाच्या पाटीवर, कुठे गालिच्याच्या नक्षीत, कुठे धावणाऱ्या कुत्र्याच्या पट्ट्यावर. पहिला ट्रेलर आला तसा राजांचा फोन. "ताई, जरा बघ ना गं. तुझी नजर."

ताईनं दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ट्रेलर एकेक फ्रेम थांबवून बघितला. एकोणीस खुणा काढल्या. राजांनी त्या एकोणीसही आपल्या नावावर सांगितल्या. वर म्हणाले, "हे शोधताना माझे डोळे गेले मंडळी!" दुसऱ्या ट्रेलरला तेच. फक्त या वेळी "आमची टीम" एवढी बढती ताईला मिळाली.

तिनं तेही गिळलं असतं. पण भाचीच्या साखरपुड्यात कुणीतरी सहज म्हणालं, "दुर्बीणलाही या गेममधलं बरंच कळतं म्हणे." राजे पंचवीस माणसांत मोठ्यानं हसले. "ताईला? कवळ्या करते ती! तिला फार तर पात्रांचे दात कळतील."

सगळे हसले. ताईही हसली. तिचा नवरा तेवढा हसला नाही. त्यानं बायकोकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाला, "मेला तुझा भाऊ."

तिसऱ्या ट्रेलरबरोबर सिनेमावाल्यांनी स्पर्धा लावली. सगळ्यात जास्त खुणा जो बरोबर सांगेल, त्याचं नाव सिनेमाच्या शेवटी पडद्यावर येणार. मात्र यादीतली एक जरी खूण चुकली तर अख्खी यादी बाद. तिच्या हातचे दात शेकडो तोंडांत हसत होते, पण त्यावर कधी कुणी नाव लिहिलं नव्हतं. हे नाव तिला हवं होतं. आणि ते मिळताना राजे उताणे पडलेले हवे होते.

तिला चोवीस खुणा सापडल्या, चोवीसही पक्क्या. मग बाजाराच्या दृश्यात एका फळीवर तिला एक बाहुला दिसला, हिरव्या टोपीचा. शेजारी तीन लाल बेडूक. ताई एकटीच खुदकन हसली.

मामाच्या पार्लरमध्ये एक गेम होता. पाणबुड्या विहिरीत उतरतो, किल्ल्या गोळा करतो आणि बेडकांपासून पळतो. जगात सगळीकडे त्या पाणबुड्याची टोपी लाल आणि बेडूक हिरवे. मामाच्या मशीनवर मात्र टोपी हिरवी आणि बेडूक लाल! कारण साधं होतं. मामानं जुना पडदा काढून नवा बसवला तेव्हा लाल आणि हिरव्या रंगाच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या. पाणी निळंच राहिलं, किल्ल्या पिवळ्याच राहिल्या, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. ताईच्या लक्षात आलं होतं. मामा म्हणाले, "राहू दे गं. मुलांना लाल बेडूक आवडलेत." ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. त्यातले मामा आता नव्हते. राजांनी तो गेम हजारदा खेळला होता, पण दुसरीकडे कुठे कधी बघितला नव्हता. आणि फळीवरचा तो बाहुला म्हणजे निव्वळ बाहुला होता, खूण नव्हे.

तिनं यादी केली. बेडूक घातले सतराव्या नंबरला, बरोबर पोटात. वर-खाली चोवीस खऱ्या, मध्ये एक ही. आणि राजांना पाठवून दिली.

पाचव्या मिनिटाला फोन. राजांचा आवाज अगदी लहानपणीचा झालेला. "ताई! सतरावं! अगं आपला पाणबुड्या! बाबांच्या मशीनवरचा! अंगावर काटा आला बघ माझ्या. पक्कं आहे ना?"

ताईच्या हातात मेणाची सुरी होती. ती क्षणभर हवेतच राहिली. कसाही असला तरी भाऊ होता. मग तिला ती पंचवीस तोंडं आठवली, हसणारी.

"तूच सांग," ती म्हणाली. "खेळायचास तू. मी तर मागे असायचे."

"शंभर टक्के तोच! हिरवी टोपी मी झोपेतही ओळखेन!"

"मग झालं तर."

एका शब्दाचंही खोटं ती बोलली नव्हती, हे तिनं पुढे नवऱ्याला तीनदा सांगितलं.

राजांनी दुसऱ्याच दिवशी यादी स्पर्धेला पाठवली आणि चॅनेलवर जाहीरही केली. सतराव्या नंबरवर तर दहा मिनिटं बोलले. झालं! जगभरचे जुने खेळाडू तुटून पडले. टोपी लाल असते बाबा! बेडूक हिरवे असतात! आंधळा आहेस का? दोन दिवसांत राजांचं नाव पडलं लाल बेडूक. यादी बाद. ताईनं शेवटच्या दिवशी आपली चोवीस खुणांची यादी पाठवली आणि निवांत कवळ्या करत बसली.

इथवर सगळं सरळ होतं. पण सूड उगवायच्या घाईत दुर्बिणीला जवळचंच दिसलं नाही. सोमवारी सिनेमावाल्यांचा मेल आला. तुमची यादी सगळ्यात मोठी आहे, पण बाद झालेल्या एका यादीशी ती एक खूण सोडली तर शब्दाला शब्द जुळते, आणि ती तुमच्याआधी जाहीर झाली होती. या खुणा तुम्हीच शोधल्या याचा पुरावा उद्यापर्यंत द्या.

म्हणजे चोर कोण ठरणार, तर ती! राजांना फोन करायचा? त्यापेक्षा जीभ हासडलेली बरी. सगळी दुपार तिनं एकच दात चार वेळा बसवला आणि चार वेळा उपटला.

पाचच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. दारात राजे. दाढी वाढलेली, डोळे खोल.

"ताई, तूच वाचवू शकतेस. चॅनेलवर येऊन एवढंच सांग की आपल्या मशीनवर टोपी हिरवीच होती. लोक मला खोटारडा म्हणतायत गं. मला तर वाटायला लागलंय, मला वेडबीड लागलंय की काय!"

ताईनं मेलबद्दल चकार शब्द काढला नाही. हातातला साचा सावकाश पुसला. "वेड नाही लागलं. हिरवीच होती. मामाकडून वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या."

राजे बघतच राहिले. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हा मला फक्त दात कळत होते."

राजे मटकन स्टुलावर बसले. मग ताई म्हणाली, "वायरींचं सांगते मी. सगळ्यांसमोर सांगते. पण आधी तू बोलायचंस. काढ मोबाइल."

"काय बोलू?"

"तिन्ही याद्या कुणी केल्या ते."

राजांनी मोबाइल टेबलावर टेकवला, घसा साफ केला. "मंडळी, या कामात मला माझ्या ताईची मोलाची मदत..."

"मदत नाही. पुन्हा."

"मंडळी, मी आणि ताईनं मिळून..."

"मिळून कुणी? तू फ्रेम थांबवलीस एक तरी? पुन्हा."

"ताई, माझी काही अब्रू..."

"माझी पंचवीस माणसांत गेली. पुन्हा."

चौथ्या वेळी राजांचा आवाज फाटला. "तिन्ही याद्या ताईनं केल्या. एकही खूण मी शोधलेली नाही. मी तिचं नाव लपवलं." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. ताईनं ते व्हिडिओत नीट दिसतंय का तेही बघितलं आणि तो व्हिडिओ, म्हणजे उद्याचा पुरावा, स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मामी. कुठून कळलं कोण जाणे, आयांना कळतंच.

"दुर्बिणे, माझ्या पोराला रडवलंस म्हणे तू?"

"हो मामी, रडवलं," ताई म्हणाली. मान तिरकी करून फोन खांद्याशी धरला आणि हातानं राजांना बसून राहायची खूण केली. "साखरपुड्याचं तेवढं राहिलंय. ते बोलला की लगेच देते घरी पाठवून."