गिअरपेटी रिकामी होती त्या दुपारी

लोक मला देवीची भक्त म्हणत. घरात रोज दिवा लागायचा, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीचं दर्शन चुकायचं नाही. पण खरं सांगते, त्या दुपारपर्यंत माझा भरवसा होता तो माझ्या दोन हातांवर. शाळेत शिकवणं, घर, शेत, सगळं मी निभावून नेत होते. गाडीही चालवत होते. नव्वदच्या दशकात आमच्या भागात मोटार चालवणारी बाई दिसली की लोक थांबून बघायचे. देवीवर सगळं सोडून द्यावं, अशी वेळ माझ्यावर आलीच नव्हती.

आमचं गाव ब्रह्मपुरी-गडचिरोली रस्त्यापासून आत, जंगलाच्या कडेला. गाडी जुनी, सासऱ्यांच्या वेळची. दिवाळी झाली होती, धान कापून खळ्यावर आलं होतं. गिअर टाकताना गाडी कुरकुरत होती, म्हणून त्या रविवारी आम्ही दोघांनी गिअरपेटीचं तेल बदलायला घेतलं. गाडी थोडी फिरवून तेल गरम केलं, चाकांखाली दगड लावले आणि ह्यांनी खाली शिरून बूच उघडलं. काळं, जळका वास येणारं तेल घमेल्यात पडू लागलं. पेटी पुरती निथळेपर्यंत सायकलने जाऊन मोठ्या गावातून नवं तेल आणायचं, असा ह्यांचा बेत होता.

पाना घरंगळत सरपणाच्या ढिगाकडे गेला. ह्यांनी तो घ्यायला हात घातला आणि ओरडून मागे घेतला. लाकडांतून जाड, ठिपक्यांची परड, म्हणजे घोणस, सरकताना मी स्वतः पाहिली.

हाताला सूज चढू लागली. गावात दुसरी गाडी नव्हती, एसटी एकदम संध्याकाळी. शेजारच्या काकू धावत आल्या नि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मांत्रिकाले बोलवू का? लवकर येईन तो."

"नाई काकू," मी म्हटलं. "दवाखान्यातच न्याचं हाय."

ह्यांना खाटेवर निजवलं, हात फळीला सैल बांधून स्थिर ठेवला. मग गाडीखाली शिरून मी बूच घट्ट बसवलं. पण वर ओतायला तेलच नव्हतं, आणि सायकलने ते आणेपर्यंत फार उशीर झाला असता. तशीच न्यावी का, असा विचार करत होते, तोच हे खाटेवरून म्हणाले, "कोरडी नको नेऊ. जंगलात बसली त् ना इकडचे राहू, ना तिकडचे."

ते बरोबर बोलत होते. करण्यासारखं होतं ते सगळं मी करून बसले होते. गाडीच्या दाराशी टेकून मी डोळे मिटले. नवस बोलले नाही, काही कबूल केलं नाही. एवढंच म्हटलं, "आई, माझ्याच्यानं होतं ते केलं. आता तू पाह्य."

डोळे उघडले तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मागे मळणीयंत्र जोडलेलं, चालवणारे पांढऱ्या दाढीचे, अनोळखी. मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"चाचा, याइले परड चावली. गाडी हाय, पण गिअरपेटीत तेल नाई."

ते ट्रॅक्टरवरून उतरलेसुद्धा. "तेल हाय ना बाई! ब्रह्मपुरीहून नवा डबा घेतला, ट्रॅक्टरसाठी. चालन ना तुमच्या गाडीले?"

डब्यावरचा नंबर वाचला. आमच्या गाडीला लागायचं तेच जाड तेल होतं. मी स्वयंपाकघरातलं नरसाळं आणलं, चालकाच्या पायांजवळचं रबरी झाकण काढलं, ते ओतत गेले आणि मी काडी घालून पातळी बघत राहिले. भरताच त्यांनी ह्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी नाव विचारलं, तर म्हणाले, "ते मंग सांगीन. तुम्ही निंगा पहिले. अल्ला हाय."

काकू ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. गिअर लोण्यासारखा पडला. सागाच्या जंगलातून मी गाडी कुठेही न थांबता नेली. सगळा भार दुसऱ्या कुणी घेतलाय, मला फक्त रस्ता बघायचाय, असं वाटत होतं. गडचिरोलीच्या दवाखान्यात विषावरची लस मिळाली. "थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. हात बरा व्हायला वेळ लागला, पण हे घरी आले.

चाचा नंतर खळ्यावर भेटले. मी पायांना हात लावायला वाकले, तर मागे सरकले. "मी या रस्त्यानं कधी येत नाई बाई. त्या दिवशी काऊन वळलो, मलेच नाई समजत." मीही समजून घ्यायचा हट्ट धरला नाही.

त्या चैत्रात आम्ही दोघं महाकालीसमोर उभे राहिलो. दरवर्षी मी काही ना काही मागायचे. ह्यांनी हळूच विचारलं, "काय मांगितलं?"

"काईच नाई," मी म्हटलं, आणि मागच्या बाईला पुढे यायला जागा करून दिली.