नानांच्या तळघरातली ओल

शेजारचे नाना पाण्याला पाणी म्हणत नसत. निदान स्वतःच्या तळघरातल्या तरी नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते शांतपणे सांगत, "थोडी ओल आहे."

जिन्यावरून काकू विचारत, "मग माझा पाट कशावर तरंगतोय?"

"ओल जरा जास्त आहे."

रत्नागिरीत तळघर सहसा कोणी बांधत नाही. आमची आळी उतारावर, जमीन जांभ्याची. पावसाळ्यात वरचं पाणी दगडातूनच झिरपत खाली येतं. पण ऐंशी सालाच्या सुमारास नाना कचेरीतून निवृत्त झाले, पुण्याला भाच्याकडे राहून आले, आणि त्याच्या तळघरातली थंडगार दुपार त्यांच्या डोक्यात बसली. नवं घर बांधताना त्यांनी खाली खोली खणलीच. पहिल्या मे महिन्यात तिथे आंब्यांची अढी लागली आणि आळीतली वडीलधारी मंडळी पत्ते खेळायला उतरली. माझे बाबा नानांचे भिडू. "पंखासुद्धा नको," नाना सगळ्यांना सांगत.

पावसाळ्यात ओल आली. नानांनी आतून सिमेंट लावलं, त्यावर डांबर फासलं. "होडी झालीच आहे, आता शीड तेवढं लावा," काकू म्हणाल्या. पाणी दुसऱ्या फटीतून आलं. मग नाना पावसाळाभर छत्री घेऊन घरामागे उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "आतून अडवून भागायचं नाही. ही ओल बाहेरूनच वळवायला हवी."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घराच्या वरच्या अंगाला खोल चर खणून घेतला, त्यात खडी भरली. त्या पावसाळ्यात तळघर खडखडीत कोरडं राहिलं. चराने वळवलेलं पाणी मात्र आमच्या न्हाणीत शिरलं, सगळी लाकडं भिजली. बाबा नानांना घेऊन आले. नानांनी वाकून पाहिलं.

"थोडी ओल आहे."

बाबांनी बोलणं टाकलं. पत्त्यांचा डाव मोडला. "आता बसा कोरड्यात एकटे," काकू म्हणाल्या.

काही दिवसांनी भर पावसात नाना कुदळ घेऊन बाहेर पडले. चर खाली वाहणाऱ्या पऱ्यापर्यंत न्यायचा तर तो त्यांच्याच बागेतून जाणार होता, आणि वाटेत त्यांचं हापूसचं कलम होतं. पुढच्या वर्षी त्याला पहिला मोहर यायचा होता. बाबा पडवीतून बघत होते. नानांनी कलमावर कोयता घातला तसा बाबांनी चहा खाली ठेवला, फावडं उचललं आणि गेले. दुपारपर्यंत दोघं न बोलता खणत होते. चराचं तोंड पऱ्याला मिळालं तेव्हा नाना कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गेलं रे पाणी, वसंता."

त्या संध्याकाळी डाव पुन्हा बसला.

पुढे नाना आणि काकू मुलाकडे डोंबिवलीला गेले. नाना तिथेच वारले. घराला कुलूप लागलं. तरी मे महिना संपत आला की बाबा त्या बंद घरामागे जाऊन चरातला पाला आणि माती उपसत.

"आता तिथं भिजायला आहे कोण?" आई विचारी.

"असू दे," बाबा म्हणत, आणि घमेलं रिकामं करून पुन्हा चरात उतरत.