सासूबाईंच्या पेटीतले उंदीर

माझ्या सासूबाई दोन आंघोळी मोठ्या निगुतीनं घालायच्या. एक रोज सकाळी देवघरातल्या बाळकृष्णाला आणि दुसरी, गावात कुठलीही बाई वारली की तिला. समुद्रपूर तालुक्यातलं त्यांचं गाव लहान. कुठल्याही वस्तीत असं काही झालं की पहिला निरोप त्यांना यायचा. ऊन पाणी घालायचं, केस विंचरायचे, लुगडं नेसवायचं, सगळं त्यांच्या हातचं. मी एकदा शहाण्यासारखं विचारलं, कसंतरी नाही का होत? त्या म्हणाल्या, "देवाले रोज घालतो, तवा कसंतरी होते का?"

मी वर्ध्याला कॉलेजात शिकवतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज आहे. तो समज सासुरवाडीत कसा फुटला, ते सांगतो.

त्या दुपारी घरात मी एकटाच होतो. बायको शेतात हरभऱ्याची भाजी खुडायला गेलेली. सासूबाई गावाच्या टोकाला, मजुरी करणारी एक म्हातारी वारली होती तिच्याकडे. आमच्याकडे बाईचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आणतो, नाहीतर भाचा. या म्हातारीचं माहेरचं कुणीच उरलं नव्हतं. शेजारीण सासूबाईंचा निरोप घेऊन आली, की पेटीतलं वरचं निळं लुगडं द्या.

मी पेटी उघडली. निळं लुगडं चांगलंच धुऊन विटलेलं. तळाशी मात्र फडक्यात बांधून ठेवलेलं जांभळं, करवती काठाचं, नवंकोरं. म्हटलं, घरात जावई बसलेला असताना विटकं लुगडं जायचं म्हणजे काय? मी नवं काढलं, फडक्यासकट शेजारणीच्या हातात दिलं आणि वर रुबाबात म्हणालो, "सांगा, जावयानं दिलं."

सासूबाई परत आल्या. अंगणातच आंघोळ केली, चहा घेतला, मी जेवलो का ते विचारलं.

संध्याकाळी बायकोनं पेटी उघडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग सांगितलं. ते लुगडं मामांचं होतं. सासूबाईंचा एकुलता एक भाऊ. दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा स्वतः एस.टी.नं येऊन बहिणीच्या हातात देऊन गेला होता, तिच्या शेवटच्या दिवसासाठी. मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागे सासूबाईंचं माहेर संपलं. जिनं गावभरच्या बायांना माहेरचं लुगडं नेसवलं, तिचं स्वतःचं लुगडं मी रुबाबात वाटून टाकलं होतं.

मी ओसरीवर गेलो. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. तुम्ही तिथंच थांबवलं का नाही, असं मी कसंबसं विचारलं.

"सगळ्याइच्या देखत फडकं सोडलं, जवाईबापू. पाह्यताच वळखलं मी. पण त्या बुढीची सून पाहून राह्यली होती. वापस बांधू काय?"

त्यांनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मले आता तुम्हालेच आणा लागन," त्या म्हणाल्या.

अशी भावाच्या जागेवर जावयाची नेमणूक झाली. भाऊबीजेला मी वर्ध्याहून लुगडं घेऊन हजर. जावयाला भाऊ म्हणून ओवाळता येत नाही, म्हणून माझ्या ताटात दोन करंज्या जास्त पडल्या.

पुढच्या वर्षी कळलं, ते लुगडं उंदरानं कुरतडलं. मी दुसरं आणलं. तेही कुरतडलं. एकादशी न चुकवणारी, गिरडच्या दर्ग्यावर दरसाल नारळ घेऊन टेकडी चढणारी बाई खोटं बोलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या वर्षी मी लुगड्याबरोबर उंदरांचा सापळाही आणला. तो कसा लावायचा हे दाखवताना माझाच अंगठा त्यात सापडला. त्यांनी हळद दाबली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, बिचाऱ्या रडताहेत.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायाच आंघोळ घालायला आल्या. पाणी घालून झालं, तशी त्यांतली वयानं मोठी बाई दाराशी आली आणि विचारू लागली, माहेरचं कोण हाय?

त्या वर्षीच्या भाऊबीजेचं लुगडं मी दिलेलं होतं, पण उंदीर? मी पेटी उघडली. वर माझा सापळा, एकदाही न लावलेला, पुसून ठेवलेला. त्याच्याखाली फडक्यात बांधलेलं एकच लुगडं. कुरतडल्याची खूण कुठेच नाही. आधीची सगळी कुठं गेली, असं मी पुटपुटलो असेन.

"उंदीर कायचे, बापू," ती बाई म्हणाली. "माहेर नसलेल्या बायाइले नेसवले, आमच्याच हातानं. दर टायमाले त्या सांगत, भावानं धाडलं म्हणून."

म्हणजे इतकी वर्षं मी कुणाकुणाचा भाऊ होतो, आणि मलाच पत्ता नव्हता.

हातातल्या लुगड्याकडे बघून माझा धीर होईना. पेटीच्या बाबतीत माझा भरवसा नाही. मी बायकोला विचारलं, "हेच ना?" तिनं मान डोलावली.

मी उंबऱ्याशी गेलो. आतून एक ओला हात पुढं आला. लुगडं कोणाकडून, असं आत कुणीतरी विचारलं. विचारायची रीतच आहे.

"भावाकडून," मी म्हणालो.