नाताळची कढई

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता माझी बहीण वारली. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी खाली पेपर वाचत होते.

समोरच्या घरातल्या अक्कांनी आपल्या ओट्यावरून तिला कोसळताना पाहिलं. रस्ता ओलांडून त्या माझ्याआधी गच्चीत पोचल्या होत्या.

आम्ही दोघीच बहिणी. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न दोघींनीही केलं नाही. ती धुळ्याला नर्स होती, मी अमळनेरला ग्रंथालयात. निवृत्तीनंतर आम्ही जळगावात हे घर घेतलं. गल्लीत पंधरा घरं आहेत, त्यांतलं ख्रिस्ती घर आमचं एकच. महिनाभरात सगळी गल्ली तिला ‘सिस्टर’ म्हणायला लागली. कोणाचं बीपी, कोणाचं इंजेक्शन, कोणाच्या सुनेचे दिवस, सगळं आमच्या दारात यायचं. ती बाहेर बोलत बसायची आणि मी आत वाचत असायचे. अक्का मला ‘धाकली’ म्हणायच्या. साठी उलटली तरी म्हणतात.

नाताळ तिचा होता. मी त्या घरात राहत होते, इतकंच. धुळ्याला लहानपणी वडील बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन चांदणी करायचे. तिने तीच पद्धत ठेवली होती. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या चांदण्या तिला चालत नसत. अक्कांचे यजमान, नाना, यावलकडच्या आपल्या शेतातून केळीचे दोन खांब आणायचे आणि आमच्या फाटकाला दोन्ही बाजूंनी बांधून द्यायचे.

“अगं, हे लग्नघर वाटतं,” मी एकदा म्हटलं.

“जन्म झालाय ना घरात? मग?” ती म्हणाली.

नानकटाईसाठी मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन ती आणि अक्का बेकरीत जायच्या आणि पत्रे भाजून होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहायच्या. केक घरीच व्हायचा, कुकरमध्ये, तळाला मीठ पसरून. करंज्या, चकल्या, शंकरपाळे मात्र अक्कांसोबत. पंचवीस तारखेला प्रार्थनेहून आलो की ती चौदा घरी ताटं द्यायला निघायची. ताटासोबत तिने विणलेलं काहीतरी असायचं. मी फाटकाशी उभी राहून तिला एकेक ताट हातात द्यायचे. चौदा घरांच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेले नव्हते.

ती गेल्यावर तेरा दिवस माझ्या घरी गॅस पेटला नाही. आमच्यात तेरावा नसतो. पण गल्लीने तेरा दिवस धरले आणि माझं जेवण आणलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आमटी, वांग्याची साधी भाजी, ताक. कोणत्या घरातून केव्हा डबा यायचा ते त्यांनी आपसांत ठरवलं होतं. मी दार उघडायचे, डबा घ्यायचे आणि मान हलवायचे. आभार मानायचे राहूनच जायचे. डबा धुऊन परत देताना तो रिकामा कसा द्यायचा, एवढाच विचार मी करत बसायचे, आणि शेवटी चिमूटभर साखर घालून द्यायचे. बहीण तसंच करायची.

मग डिसेंबर लागला.

दर वर्षी पहिल्याच आठवड्यात अक्का रस्त्यापलीकडून ओरडायच्या, “सिस्टर, कढई कधी चढू राह्यली?” या वर्षी त्या ओरडल्या नाहीत. बाया माझ्या फाटकासमोरून जाताना आवाज बारीक करायच्या. नाना शेतातून रिकाम्या हाताने आले. दोन दिवसांनी पुन्हा आले, तेव्हाही रिकाम्या हातानेच. एक वरात आमच्या गल्लीतून गेली, तर माझ्या घरापाशी बँड थांबवला आणि चार घरं पुढे जाऊन पुन्हा सुरू केला.

मी त्याचा अर्थ लावला. मला वाटलं, ही सगळी माणसं तिची होती. तेरा दिवस त्यांनी तिच्यासाठी केलं आणि ते पूर्ण झालं. माझ्याशी त्यांचा संबंध काय? आत बसून वाचणारी बाई मी. मी कोणाला दोष देत नव्हते. हिशोब बरोबर आहे असंच वाटत होतं.

थंडी वाढली म्हणून तिची शाल काढायला मी तिची पेटी उघडली. आत कानटोप्या होत्या. पंधरा. घरटी एक, फक्त अक्का-नानांच्या घरी दोन. दसऱ्यापर्यंतच विणून झाल्या असाव्यात, कारण दिवाळीत तिच्या हातात लोकर पाहिल्याचं मला आठवत नाही. प्रत्येक टोपीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. अक्षर वॉर्डातलं, सुटं आणि मोठं. मी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. माझ्या नावाची नव्हती. मला काय हवं ते ती आदल्या दिवशी विचारायची आणि मी “काही नको” म्हणायचे. मग ती मला पुस्तकांच्या दुकानात पाठवून द्यायची.

त्या पंधरा टोप्या पोचवायच्या तर नाताळ करावा लागणार होता. आणि मी तो केला नाही, तर या घरातला नाताळ तिच्यासोबतच संपणार होता. हे मला त्या पेटीसमोर बसल्यावर कळलं.

नाताळला चार दिवस राहिले होते. मी कामट्या आणल्या. दुपारभर बांधत बसले. एक कामटी मोडली, दोरा सुटला, खळ कागदाला कमी आणि माझ्या कोपरांना जास्त लागली. शेवटी चांदणी झाली. तिचं एक टोक बाकीच्यांपेक्षा वीतभर लांब होतं. मी स्टुलावर चढून ती फाटकावर टांगली आणि खाली उतरते तोच अक्का आल्या. पायांत चपलाही नव्हत्या.

“धाकली! हे काय लावलं?”

“चांदणी.”

“ते दिसू राह्यलं मले. पन वरीस कुठी झालं अजून?”

मला काही समजलं नाही. “कसलं वर्ष?”

“सिस्टर जाऊन दोन महिने नही झाले, अन् तू सन करू राह्यली? आमच्यात वरीसभर सन नही करत. कढई नही चढत. मी तं सगय्या गल्लीले सांगून ठेवलं, धाकलीसमोर नाताळचं नाव काढू नका, तिच्या जिवाले लागीन. यायले बी बजावलं, औंदा केयीचे खांब आनू नका. बँडवाल्यायले बी मीच थांबवलं.”

मी स्टूल भिंतीकडे सरकवलं. मग म्हटलं, “अक्का, मला वाटलं तुम्ही सगळे विसरलात.”

“इसरलो? सिस्टरले? का तुले?” त्या खरोखर रागावल्या. “तुया दुखवटा पायू राह्यलो आमी, अन् म्हने इसरलो!”

“आमच्यात वर्षाचा नेम नाही. ज्याला जमेल त्याने सण करायचा.”

अक्का पायरीवर बसल्या. चांदणीकडे पाहिलं, माझ्या खळ लागलेल्या हातांकडे पाहिलं. “मंग तुले करनं हाये का?”

हे मला कोणी विचारलं नव्हतं. “हो,” मी म्हणाले. “मला त्यातलं काही येत नाही. पण करायचाय.”

“मंग सांगायले तोंड नव्हतं का? एवढे जाडे जाडे पुस्तकं वाचते, अन् समोरच्या घरी येऊन दोन शब्द बोलता येत नही तुले!” मग त्यांचा आवाज उतरला. “पन पहिली कढई तू नही चढवायची. दुखवट्याच्या घरात ती माहेरच्या मानसानं चढवायची असते. तुयं माहेरचं कोन हाये?”

“तीच होती.”

अक्का उठल्या. पदर खोचला. “मंग मी हाये. तेल किती हाये घरात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःची कढई आणि झारा घेऊन आल्या, आणि मागून शेजारच्या दोघी परात घेऊन. माझ्या स्वयंपाकघरात बहिणीशिवाय इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. अक्कांनी कढई ठेवली, तेल ओतलं, आणि पहिली करंजी सोडण्याआधी क्षणभर हात थांबवला. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

मला मुरड घालायला बसवलं. मुरड म्हणजे करंजीच्या कडेला बोटांनी घातलेली वेणी. माझ्या पहिल्या तीन करंज्या तेलात उघडल्या आणि खोबरं कढईभर झालं.

“हिची करंजी हिच्या पुस्तकासारखी,” अक्का झाऱ्याने तेल गाळत म्हणाल्या. “सदा उघडीच.”

परातीवरच्या दोघी इतक्या हसल्या की एकीच्या हातातून लाटणं सुटलं. मीही हसले. त्या घरात मला माझं हसणं ऐकू यायला दीड महिना लागला होता.

संध्याकाळी नाना आले. सायकलीला केळीचे दोन खांब आडवे बांधलेले, पानं रस्त्यावर घासत होती. खांब बांधून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“हे काय टांगलं? वावरात पाखरं हाकलायले बरं हाये.”

“नाना, मी केलीय.”

“मंग तं पाखरं नक्कीच भेतीन,” नाना गंभीरपणे म्हणाले आणि अक्कांनी त्यांना घरी हाकललं.

पंचवीस तारखेला प्रार्थनेहून आल्यावर मी ताटं भरली. या वेळी फाटकाशी उभं राहून हातात द्यायला कोणी नव्हतं, म्हणून दोन दोन ताटं घेऊन सात फेऱ्या केल्या. पहिल्या दारात मला काय बोलावं ते सुचेना. मी टोपी पुढे केली आणि चिठ्ठी वाचून दाखवली. पुढच्या दारांत तेच केलं. चिठ्ठ्या तिच्या होत्या, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. चहा मला पाच घरी घ्यावा लागला.

नानांची चिठ्ठी त्यांच्या मुलांसुनांसमोर वाचली: “नाना. सैल विणली आहे, डोकं मोठं. गोळी चहानंतर, आधी नाही. ऐकत नाहीत.” सगळे हसले. नानांनी टोपी घातली, ती खरंच नेमकी बसली, आणि ते उठून आत गेले ते जरा वेळाने आले.

अक्कांची अशी होती: “अक्का. पहाटे नळावर जाताना घालणे. चांगली आहे म्हणून पेटीत ठेवू नये.” अक्कांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. त्यांना वाचायला फारसं येत नाही. त्या अक्षराकडे पाहत राहिल्या, मग पदरावरूनच टोपी घातली आणि मला म्हणाल्या, “बस. खाऊन जाय.”

मी बसले. त्या घरात मी पहिल्यांदाच बसले होते.

आता नवं वर्ष लागून महिना झाला आहे. तिच्या खोलीतल्या टेबलावर मी हे लिहिते आहे. बहीण नाही. या घरातला नाताळ राहिला आहे, आणि पुढच्या वर्षी तो मला करायचा आहे.