आबांच्या शेळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

माझे वडील, आबा, धरणगावजवळ आमच्या गावी राहायचे. जुन्या टीबीनं त्यांची छाती आधीच अधू. दर हिवाळ्यात कफ साठायचा, गोळ्यांनी ओसरायचा. तरी शेळ्या सुटल्या नाहीत. शेळी व्यायला लागली की आबा स्वतः हात लावणार, पिलाच्या नाकातला चिकटा पुसून फुंकर मारणार. त्या हिवाळ्यात दोन शेळ्या गाभडल्या, दिवस भरण्याआधीच पिलं मेलेली पडली. ती घाणही त्यांनीच उपसली. मग ताप आला, आणि खोकला काही केल्या हटेना.

मी त्यांना जळगावला आणलं. मी इथे मास्तर — ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. ते मला सर म्हणायचे. त्यांनी विचारलं, घरी गुरं-शेळ्या आहेत का? आणि मी — काय सांगू तुम्हाला — हसून म्हणालो, "छे हो, आता कुठल्या शेळ्या!"

का? कुणी मला मारणार होतं? शेळ्या राखणाऱ्याचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटली, बस्स. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

नेहमीचीच औषधं चालू राहिली. ताप उतरे, पुन्हा चढे. रोज वाटायचं, आज सांगू. पुढे धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरांनी तोच प्रश्न थेट आबांना विचारला. धापा टाकत ते म्हणाले, "नही. शेळ्या नहीत." माझा शब्द खाली पडू नये म्हणून! मी शेजारीच उभा होतो.

ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. तेही कसं? आबांच्या खाटेशी उभा राहून म्हणालो, "डॉक्टर, आबांनी तुमच्यापासून लपवलं."

रक्त तपासलं. क्यू फीवर निघाला — गाभडलेल्या शेळीच्या घाणीतून श्वासावाटे शिरणारा. धडधाकट माणूस त्यातून बहुधा उठतो, डॉक्टर म्हणाले. अधू छातीला तो आणखी खचवतो. त्याचं औषध वेगळं होतं, लागूही पडलं. पण तोवर फुप्फुस गेलं ते गेलंच.

आबा आता जळगावातच, मेहरूणला माझ्याकडे असतात, नाकात नळी. भेटायला आलेलं कुणी विचारतं, एवढा उशीर कसा झाला? आबा म्हणतात, "मनीच चूक शे. मीच डॉक्टरले सांगं नही."

लोक त्यांना रागावतात. घरात एवढा शिकलेला मुलगा असून, आबा, असं कसं केलंत? मी समोरच बसलेला असतो. मीही मान हलवतो.