तेल प्यालेली काडतूसपेटी

लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात. मी जुन्या पलटणींच्या कातडी काडतूसपेट्या जमवतो. शिपायाच्या कमरेला असायची ती. आत लाकडी ठोकळा, ठोकळ्याला काडतुसांची भोकं. घरात बंदूक नाही, उंदीर मारायचंही धाडस नाही. पण पेट्या चार.

त्यातली मोलाची एकच. तिच्या झाकणावर पलटणीचा ठसा होता, बोट फिरवलं की लागायचा. पुण्याचे एक निवृत्त कर्नल जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन भरवणार होते. ठसा पटला तर माझी पेटी त्यात जाणार होती. रविवारी ते स्वतः बघायला येणार होते. शुक्रवारी मला वाटलं, कातडं जरा कोरडं दिसतंय.

आता कोल्हापूरच्या माणसाला कातड्यातलं कोणी शिकवायचं? नवी चप्पल चावली की आम्ही तिला तेल पाजतो. तोच न्याय लावला. पातेल्यात शेंगतेल कोमट केलं आणि पेटी दिवसभर मुरत ठेवली.

बायको म्हणाली, "अवं, तांबूस झाली की सांगा. चटणी वाटून ठेवते."

शनिवारी पेटी लोण्यासारखी मऊ झाली. कातडं फुगून ठसा मात्र सपाट झाला होता. मी कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्या मामांकडे पळालो. त्यांनी पेटी नाकाशी धरली.

"चपलंला बोटानं लावायचं असतंय. ही तर तुम्ही म्हशीगत डुंबवलीसा की."

"मामा, ठसा परत उठंल का?"

"उठंल की. कुठला पायजे, मोर का कोयरी?"

रविवारी कर्नलांनी पांढरे हातमोजे चढवले. पेटी उचलली आणि मोजे पिवळे झाले.

"तेल कुठलं?"

"घाण्याचं," मी म्हणालो. "शुद्ध."

त्यांनी ठोकळा बघितला, आतली शिलाई बघितली. मग म्हणाले, "पेटी अस्सल होती." त्या 'होती'वर मी अजून अडकलोय.

पेटी प्रदर्शनात गेली मात्र. दाराशी, वेगळ्या टेबलावर, 'संग्राहकांनी काय करू नये' या पाटीखाली. सगळ्यात जास्त गर्दी तिथंच. खाली आपलं नाव घालू का, असं कर्नलांनी अदबीनं विचारलं होतं. मी म्हणालो, नको, 'एक कोल्हापूरकर' एवढंच लिहा. बदनामी सगळ्या गावात वाटली गेली. माझ्या वाट्याला फार थोडी आली.